भरायचं राहिलेलं वाण

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विमलाबाईनं तोंड उघडलं, आणि असं उघडलं की पुढचे तीन महिने तिला ते निस्तरत बसावं लागलं.

करंजवली हे आंबिवली स्टेशनपासून रिक्षानं वीस मिनिटांवरचं गाव. महापालिकेची हद्द गावाच्या अलीकडच्या ओढ्याशी संपते, आणि हद्दीबरोबर घंटागाडीही तिथूनच मागे वळते. ओढ्यापलीकडच्यांनी आपला कचरा आपण बघायचा. करंजवलीनं तो इतकी वर्षं रस्त्याच्या कडेला नेऊन बघितला होता. पण ओढ्याच्या शहराकडच्या बाजूला टॉवर उभे राहिले, टॉवरवाल्यांनी नाकाला रुमाल लावून तक्रारी केल्या, तेव्हा सरपंच भाऊ पाटलानं तोडगा काढला: देवळामागचं तळं. उन्हाळ्यात त्यात गुडघाभर पाणी उरतं. कचऱ्यानं भरायचं, वर माती लोटायची, की झालं मैदान. पोरांना क्रिकेटच्या टुर्नामेंटला जागा होईल. भाऊ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याला फक्त समोर दिसणारा खड्डा भरून टाकायची घाई असायची, मग तो रस्त्यातला असो की देवळामागचा.

त्या गुडघाभर पाण्यावर विमलाबाईची भेंडी, चवळी, मुळा आणि माठ पिकत होता. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात तिनं तळ्यातून पहिली कळशी भरून वाफ्याला घातली, आणि तेव्हापासून अडतीस वर्षं रोज सकाळी आंबिवली स्टेशनच्या पुलाखाली तिची टोपली मांडलेली असायची. याच पाण्यावर दोन मुलं शिकली, घरावर स्लॅब पडला आणि धोंडीबाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तळं गेलं तर विमलाबाईकडे टोपली उरणार होती, टोपलीत घालायला काही नाही.

ग्रामसभेत बायका मागच्या भिंतीला टेकून बसतात आणि ऐकतात. त्या दिवशी विमलाबाई उभी राहिली.

"तलं बुजवलंत तर मी भेंडी काय तुमच्या पिचवर लावू?"

सभा हसली. भाऊही हसला. "वहिनी, मग कचरा तुमच्या अंगनात टाकू का? नुसत्या गावदेवीच्या भंडाऱ्याचा दोन ट्रॉल्या कचरा निघतो. ती चकचकीत कागदी ताटं, ते ग्लास, त्या वाट्या. ते कुठं घालू, सांगा ना."

"निघालाच नाय तर?"

"काय निघालाच नाय तर?"

"भंडाऱ्याचा कचरा. एका घमेल्यात मावला तर?"

आता सभा इतकी हसली की ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. भाऊला चेव आला. "एका घमेल्यात मावला तर एक मेच्या ग्रामसभेत मी सोता ठराव मागं घेतो. खरकटं सोडा, ते खतखड्ड्यात जातंच. पन बाकीचं एक घमेलं भरून वर जरी आलं, तर तल्यात पहिली ट्रॉली तुम्ही ओतायची. बोला!"

"बोलले," विमलाबाई म्हणाली. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या धोंडीबानं डोक्याला हात लावला.

ती काही अगदीच हवेत बोलली नव्हती. तिच्या बचत गटानं वर्षभर गावातल्या बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या गोळा करून, धुऊन, वाळवून कल्याणच्या भंगारवाल्याकडे नेल्या होत्या. सुरुवातीला गावानं त्यांना 'भंगारगट' नाव ठेवलं, मग हळूहळू स्वतःच पिशव्या आणून द्यायला लागलं. त्या भंगाराच्या पैशांतून गटानं चारशे स्टीलची ताटं घेतली होती, कोरी करकरीत, नुकतीच आलेली. विमलाबाईची सून समीक्षा ठाकुर्लीची, बी. कॉम. झालेली. तिनं कागदावर मांडून दाखवलं होतं: भंडाऱ्याला दोन हजार माणूस, चारशेच्या पाच पंगती, प्रत्येक पंगतीनंतर ताटं धुवायची. गणित चोख होतं. फक्त त्या गणितात हळदीकुंकू धरलेलं नव्हतं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी गटानं शाळेच्या पडवीत हळदीकुंकू ठेवलं. आसपासच्या चार गावांतल्या बायका बोलावल्या. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, त्या पोत्यात, पोतं दाराआड. आणि आलेल्यांनी बघावीत म्हणून नवी ताटं समोर बाकांवर मांडली. इथंच विमलाबाईची भक्ती तिला नडली. नवं भांडं पूजेशिवाय वापरायला काढू नये म्हणून तिनं एकेका ताटाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. नुसतं ताट ओकंबोकं दिसतं म्हणून प्रत्येकात एकेक तिळाचा लाडू ठेवला. आणि मग गल्लीतल्या म्हाताऱ्या आत्याला हात धरून आणायला गेली. समीक्षा आत मसाला दूध ढवळत होती.

पहिली आली शेजारची रुपाली. आता हळदीकुंकवाचा दिवस, समोर कुंकू लावलेलं ताट, त्यात तिळाचा लाडू, आणि जवळ सांगायला कोणी नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? रुपालीनं स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं, ताट उचललं, पदराखाली घेतलं आणि मागचीला म्हणाली, "घे गो, यंदा ताट हाय!" आपल्याकडे वाण देत नाहीत, लुटतात. त्या दुपारी करंजवलीत तो शब्द अक्षरशः खरा झाला.

आत्याला घेऊन विमलाबाई शाळेच्या फाटकाशी पोचली तेव्हा बायकांची रांग बाहेर पडत होती, आणि प्रत्येकीच्या हातात ऊन चमकत होतं. एक अनोळखी म्हातारी थांबली, तिनं विमलाबाईच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "माज्या उभ्या जन्मात असं वाण नाय बघितलं गो. लोकं गालनी देतात, डबी देतात. तू ताट दिलंस. तुजं कुकू ऱ्हावो, तुजं घर भरो."

अजून अर्धी ताटं बाकावर होती. एक आरोळी ठोकली असती तर वाचली असती. विमलाबाईचं तोंड उघडलंही, पण तिनं ते तसंच मिटलं. कुंकू लागलेली वस्तू, सवाष्णीच्या हातात गेलेली, ती परत कशी मागायची? आणि खरं सांगायचं तर त्या कौतुकानं तिला बरंही वाटलं होतं. ती तशीच उभी राहिली आणि हसत हसत लुटली गेली.

"आई, मी आत गेलेले दोन मिनिटं! फक्त दोन मिनिटं!" दुधाचं पातेलं हातात घेऊन समीक्षा रडकुंडीला आली. बाकांवर अठ्ठ्याऐंशी ताटं उरली होती. दाराआड गाळण्यांचं पोतं जसंच्या तसं होतं.

त्यानंतरचे दिवस विमलाबाईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. जिथं जाईल तिथं तिची वाहवा, आणि वाहवा सुरू झाली की ती टोपली उचलून चालू पडायची. समीक्षा म्हणाली, "ग्रुपवर मेसेज टाकू या, चुकून गेलीत, परत द्या म्हणून." विमलाबाई तिच्यावर खेकसली, "वान मागं घेतात? असलं अभद्र बोलू पन नको." भाऊ रस्त्यात भेटला की गोड आवाजात विचारायचा, "वहिनी, ट्रॉलीवाल्याला तारीख सांगून ठेवू ना?" त्यानं पंधराशे चकचकीत कागदी ताटांचे गठ्ठे मागवून देवळाच्या कोठीत रचलेही होते. असू द्यावेत म्हणून, असं म्हणाला.

शेवटी गटानं घरोघर जाऊन सांगून पाहिलं, की भंडाऱ्याला येताना आपापलं ताट घेऊन या. गाव भडकलं. सगळ्यात जास्त भडकली रुपाली. "आपलं ताट घेऊन देवीच्या पंगतीला बसायचं? आमी काय भीक मागायला येतो?" तिचं चुकत नव्हतं. बोलावून जेवायला घालायचं आणि ताट घरून आण म्हणायचं, हे करंजवलीत कोणाच्या सात पिढ्यांनी केलं नव्हतं. विमलाबाईनं हात टेकले. त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी तळ्यावर जाऊन नुसती बसायची. धोंडीबा गुडघा धरून शेजारी येऊन बसायचा. एकदा म्हणाला, "पहिली ट्रॉली मी ओततो. तू नको येऊस." त्यावर ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

भंडाऱ्याला बारा दिवस उरले असताना पुलाखाली तिच्या टोपलीशी हेमा आली. पलीकडच्या गावची, भेंडी घासाघीस न करता घेणारी, म्हणून विमलाबाईची लाडकी. भेंडी पिशवीत टाकता टाकता हेमा म्हणाली, "मावशी, ते ताट अजून वापरायला नाय काढलं. सासू काढू देत नाय."

"का गो?"

"ती बोलते, एवढं मोठं ताट आनि त्यात एकच लाडू? ताट कसं भरून द्यायला पायजे. रिकामं ताट घरात वापरायचं नाय. असंच कपाटावर ठेवलंय बघा."

विमलाबाईच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला. शेजारणीनं वाटीभर कालवण पाठवलं तर ती वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. आणि तिनं तीनशे बारा बायकांना ताटं दिली होती, जवळजवळ रिकामी. ती ताटं परत मागायची नव्हतीच. ती भरून द्यायची राहिली होती.

"हेमा," ती म्हणाली, "सासूला सांग, तिचं बरोबर हाय. माजीच चुकी जाली. भंडाऱ्याला ते ताट घेऊन ये. देवीच्या परसादानं भरून देते."

त्या दिवशी भेंडी अर्धी तशीच राहिली. टोपली डोक्यावर घेऊन विमलाबाई थेट पलीकडच्या गावात शिरली, आणि पुढच्या दहा दिवसांत गटाच्या बायकांनी चारही गावं पालथी घातली. प्रत्येक दारात हळदीकुंकवाचं बोट आणि एकच वाक्य: वाण भरायचं राहिलंय, देवीच्या दारात घेऊन या. ताट आणा असं कोणी चुकूनही म्हणालं नाही. समीक्षानं ग्रुपवर टाकलेल्या निमंत्रणातही तो शब्द नव्हता. आणि काय सांगावं, ज्या बाया ताट म्हटल्यावर फणा काढत होत्या, त्या वाण म्हटल्यावर किती वाजता यायचं ते विचारू लागल्या. एकीनं विचारलं, "माजं एकटीचंच भरून देनार? घरात सात मानसं हायत." विमलाबाई म्हणाली, "सातांची आन. देवी काय हात आखडता घेनार हाय?"

रुपालीकडे ती सगळ्यात शेवटी गेली. रुपालीनं गाळण्यांच्या पोत्यासकट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे ते वान नव्हतंच. मी पहिलं उचललं ना? सगळं माज्यामुलं जालं."

"कुकू मी लावलेलं," विमलाबाई म्हणाली. "ते वानच होतं. मनाच उशिरा कललं."

चैत्रातली भंडाऱ्याची दुपार. अकरा वाजता मंडपात चिटपाखरू नव्हतं आणि विमलाबाईची पाचावर धारण बसली होती. कोठीच्या दाराशी भाऊ खुर्ची टाकून बसला होता, आणि बाहेर ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उभा. साडेअकराला ओढ्याच्या बाजूनं काहीतरी लखलखलं. मग बांधावरूनही. बायका येत होत्या, पाचपन्नास नव्हे, चारही गावांतून, नव्या साड्या नेसून, विणलेल्या रुमालानं झाकलेली ताटं हातावर धरून, आणि त्यांच्या मागे नवरे, सासरे, पोरं, सगळ्यांच्या काखेत पिशव्या आणि पिशव्यांत ताटं, तांबे, फुलपात्री. ज्यांना वाण मिळालं नव्हतं त्या मागे राहतील होय! त्यांनी माळ्यावरून आपल्या लग्नातली ताटं काढली होती, पाठीवर मामाचं, काकाचं नाव कोरलेली, चिंचेनं घासून घासून आरसा केलेली. आंबिवलीपर्यंत वाजत गेला असेल असा त्या पिशव्यांचा खणखणाट. विमलाबाई मंडपाच्या तोंडाशी उभी राहून प्रत्येकीला कुंकू लावत होती आणि डोळे पुसत होती, त्यामुळे पहिल्या वीस-पंचवीस जणींच्या कपाळावरचं कुंकू जरा फिसकटलेलंच होतं.

पंगती धडाक्यात बसल्या. वरण-भात, वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, बुंदी. ज्याचं ताट तो उचलायचा, नळाखाली धुवायचा, पाणी पाटानं केळींना. पाहुण्यारावळ्यांसाठी गटाची अठ्ठ्याऐंशी ताटं फिरत होती. तिसरी पंगत उठत आली आणि भाऊच्या गाड्या आल्या. कल्याणहून त्याचे पाहुणे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली चाळीस माणसं. अठ्ठ्याऐंशीही ताटं तेव्हा पंगतीत अडकलेली होती, टॉवरमधून आलेल्या मंडळींपुढे, आणि त्यांना बुंदी तिसऱ्यांदा हवी होती. पाहुणे मांडी घालून बसले, आणि त्यांच्यापुढे फक्त चटई.

भाऊ घामाघूम झाला. "वहिनी, आता नाय थांबता येनार. माजी इज्जत हाय." मग कोठीकडे वळून ओरडला, "एक गठ्ठा सोडा रे!"

विमलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. गठ्ठ्यात शंभर ताटं होती. चाळीस निघाली तरी घमेल्याचा निकाल लागला.

तेवढ्यात नळाशी कोणीतरी खाडकन ताट धुतलं. रुपाली. नुकतीच जेवून उठलेली. पदरानं ताट कोरडं करत ती सरळ पंगतीत आली आणि पहिल्या पाहुण्यापुढे वाकून तिनं ते ठेवलं. "बसा पाव्हनं. हे माज्या वानाचं ताट हाय. पहिलं उचललेलं." तिच्या मागून हेमा आली. हेमाच्या मागून तिची सासू, मग गावातल्या, परगावच्या, ज्या कधी एकमेकींशी बोललेल्याही नव्हत्या. चाळीस लागणार होती, साठ ताटं आली. कोणाचं ठेवायचं यावरून दोघींची जुंपली.

भाऊ बघत राहिला. कोठीतला माणूस गाठीला हात लावून त्याच्याकडे बघत होता. "गाठ ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाला. मग हळूच, "मना पन वाढा. पन ताट नाय माज्याकडं."

विमलाबाई सकाळपासून जेवली नव्हती. तिनं आपलं ताट त्याच्या हातात दिलं.

चार वाजता मंडप झाडला. ट्रॅक्टरवाल्यानं येऊन चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "भरायचं काय?" तेलाचे डबे दुकानदाराकडे परत गेले होते, पोती घडी घालून ठेवली होती, नारळाच्या शेंड्या चुलीत गेल्या होत्या. उरलं ते समीक्षानं सगळ्यांसमोर घमेल्यात ओतलं: कापराच्या पुड्यांचे कागद, उदबत्तीची खोकी, हारांचे प्लास्टिकचे धागे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पुरुषांनी खाऊन फेकलेल्या गुटख्याच्या पुड्या. भाऊनं स्वतः घमेलं हलवून खाली बसवलं. काठाला चार बोटं कमी.

"यातल्या निम्म्या पुड्या माज्याच असतील," भाऊ म्हणाला, आणि पहिला तोच हसला. मग असा गलका उठला की देवळावरची कबुतरं उडाली. रुपालीनं विमलाबाईला मिठी मारली, हेमाच्या सासूनं दोघींना मारली, आणि धोंडीबा, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानिशी, ताशाच्या आवाजावर नाचला. हे गावात अजून कोणी विसरलेलं नाही.

एक मेची ग्रामसभा. शाळेचा वर्ग भरून बाहेर पडवीत माणसं. आणि बायका? त्या भिंतीपाशी नव्हत्या. रुपाली सगळ्यांत आधी येऊन पुढच्या सतरंजीवर बसली होती, म्हणून मग बाकीच्याही बसल्या, आणि पुरुषांना भिंत मिळाली. भाऊनं ठराव वाचला. तळं भरण्याचा जुना ठराव रद्द. तळ्यातला गाळ याच उन्हाळ्यात काढायचा आणि शेतांत टाकायचा. यापुढे गावच्या कुठल्याही कार्याला फेकायची ताटं आणायची नाहीत. "कोनाची हरकत?" कोणाची नव्हती. "मग हात वर करा."

हात वर झाले. बांगड्यांचा एकच आवाज झाला. पुढून मागपर्यंत हातच हात, भिंतीजवळच्या पुरुषांचेही. ग्रामसेवक उभा राहून मोजायला लागला, साठाच्या पुढे चुकला, पुन्हा मोजायला लागला, पुन्हा चुकला, आणि कंटाळून म्हणाला, "सर्वानुमते लिहितो." लिहिता लिहिता तो थांबला. त्याची नजर पुढच्या रांगेत गेली.

"विमलाबाई, तुमचा हात?"

विमलाबाई मागे वळून बघत बसली होती. तळ्यासाठी इतके हात उभे राहिलेले तिला बघून संपत नव्हते, आणि त्या नादात आपणही हात वर करायचा असतो हेच ती विसरली होती. सगळी सभा तिच्याकडे बघत होती.

तिनं दोन्ही हात वर केले. ग्रामसेवक म्हणाला एकच चालतो, पण तिनं काही खाली घेतले नाहीत.